ज्यांना फक्त फोन येतात त्यांच्यासाठी एक धागा

पेठनाका

मंडळी, माझं पंचवटीत पेठ नाक्याजवळ मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान आहे. आधी पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ होता, मग खरवडायची कूपनं आली, मग इझी रिचार्ज, आता काउंटरवर क्यूआर. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या गाड्यांतून उतरणारी माणसं माझं निम्मं गिऱ्हाईक.

परवा करंजाळीकडच्या एका पाड्यावरच्या आजी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणांचा फोन, वर रबर. म्हणाल्या, "भाऊ, दहाचा टाक. पोराचा फोन लागत नाही." झाकण उघडलं तर बॅटरीवर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, पोराचा नंबर आणि खाली त्यांचा स्वतःचा. बॅलन्स पाहिला तर अकरा रुपये शिल्लक. पैसे होते, व्हॅलिडिटी नव्हती. आउटगोइंग कधीच बंद झालेलं, आता इनकमिंगही बंद. मी सांगितलं, आजी, दहाच्यानं नाही येणार फोन, मोठा रिचार्ज मारावा लागेल. त्या म्हणाल्या, "मला कुठं लावायचाय रे? पोराचा येतो, तेवढा येऊ दे." पोरगा सातपूरला सेंट्रिंगच्या कामावर. नऊ दिवस बोलणं नाही म्हणून त्या स्वतःच गाडीत बसून त्याला शोधायला नाशिकला आल्या होत्या.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. पूर्वी हीच बाई कंपनीला पैसे मिळवून देत होती. कसं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना हा व्यवहार माहीतच नसतो.

तुम्ही एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लावला की तुमची कंपनी समोरच्या कंपनीला मिनिटामागं ठरलेली रक्कम द्यायची. तिनं तो कॉल आपल्या टॉवरवरून आपल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवला, त्याचं हे भाडं. याला टर्मिनेशन चार्ज म्हणतात. आययूसी, म्हणजे इंटरकनेक्शन युसेज चार्ज, म्हणून २०१९ मध्ये जो गाजला तो हाच. दर ठरवायचं ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था. १ फेब्रुवारी २००४ पासून सरसकट ३० पैसे मिनिट. १ एप्रिल २००९ पासून २० पैसे. १ मार्च २०१५ पासून १४ पैसे. १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. १ जानेवारी २०२० ला शून्य व्हायचा होता, तो एक वर्ष पुढं ढकलला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

आता आजींचा हिशेब. समजा महिन्याला त्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरांवरून ३०० मिनिटं फोन आले. रोजची दहा मिनिटं, फार नाहीत. ३० पैशांच्या काळात त्यांनी स्वतः एक रुपया न भरता त्यांच्या कंपनीला ९० रुपये मिळायचे. २० पैशांना ६०. १४ पैशांना ४२. ६ पैशांना १८. आज शून्य.

ज्या काळात लाइफटाइम इनकमिंगची सिमं विकली जायची त्या काळात मी ती शेकड्यानं विकलीत. तेव्हा कंपनीचा माणूस दुकानात येऊन म्हणायचा, गिऱ्हाईक बोलत नसलं तरी चालेल, सिम चालू ठेवायला सांगा. दर ६ पैशांवर आल्यानंतर, २०१८ च्या शेवटी, २८ दिवसांना ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला. नाही मारला तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. खात्यात पैसे असलेल्यांची सेवा लगेच तोडू नका म्हणून ट्रायनं तेव्हा कंपन्यांना बजावलं होतं. आज तो किमान आकडा बहुतेक ठिकाणी दोनशेच्या घरात आहे, आणि महिना २८ दिवसांचा म्हणजे वर्षाला तेरा वेळा.

सहा पैसे काढले म्हणूनच हे झालं असं मी म्हणत नाही. कर्ज, स्पेक्ट्रम, स्पर्धा, दहा कारणं असतील. पण फक्त फोन घेणाऱ्या माणसाची कंपनीच्या वहीतली जमेची बाजू पुसली गेली, आणि ती पुसताना त्याच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, एवढं मात्र मला ठामपणे वाटतं. तुमचं मत सांगा. हिशेबात चूक असेल तर तीही सांगा.

द्राक्षवेल

दादा, हिशेब पहिल्यांदाच असा मांडलेला पाहिला. आमच्याकडं निफाड पट्ट्यात मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याहूनच येतात. द्राक्षांच्या थिनिंगला, म्हणजे घडांची विरळणी करायला, मग काढणीला. मुकादमाचा फोन चालू असतो, घरी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचे बंद. मग सगळे निरोप मुकादमाच्या फोनवर. कुणाचं पोर आजारी, कुणाची म्हैस व्याली, सगळं त्याच्याच फोनवर आणि सगळ्या टोळीसमोर मोठ्यानं.

सविस्तर नंतर लिहितो, सध्या बागेत आहे.

सिडकोकर

पेठनाका, आजींबद्दल वाईट वाटलं, पण हिशेबाची अर्धीच बाजू मांडली आहे. ते ९० रुपये आकाशातून पडत नव्हते. ते सेंट्रिंगवरचा पोरगाच भरत होता! त्याच्या कंपनीला मिनिटाला ३० पैसे बाहेर द्यावे लागत असतील तर ती त्याला ३० पैशांपेक्षा स्वस्त मिनिट विकणार कशी? टर्मिनेशन चार्ज म्हणजे कॉलदराच्या खालची फरशी. फरशी जितकी वर, तितका कॉल महाग. आज आपण 'अनलिमिटेड कॉलिंग' इतक्या सहज म्हणतो. २० पैशांच्या काळात कुठल्याही नेटवर्कला अमर्याद बोलणं देणं कोणत्या कंपनीला परवडलं असतं? एखाद्यानं दिवसाला दोन तास बोलायचं ठरवलं तर महिन्याची ३,६०० मिनिटं, म्हणजे ७२० रुपये नुसते दुसऱ्या कंपनीला.

शिवाय हा पैसा कुठून कुठं जात होता तेही पाहा. नवीन कंपनीचे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तिचे बहुतेक कॉल बाहेर जाणार. म्हणजे नव्यानं जुन्यांना पोसायचं. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आली. तिनं ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत साधारण १३,५०० कोटी रुपये निव्वळ आययूसीपोटी बाकीच्या कंपन्यांना दिले. जुन्या कंपन्या म्हणत होत्या की आमचा खर्च ६ पैशांत भागत नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण गिऱ्हाईक म्हणून मला शून्यच बरा.

पेठनाका

सिडकोकर, पोरगा भरत होता हे शंभर टक्के मान्य. पण घरात पैसा कोणाकडं आहे? पोराकडं. हजेरी त्याला मिळते, आजींना नाही. ज्याच्या हातात पैसा तो फोन लावणार आणि तोच भरणार, अशी ती व्यवस्था होती. आता दोघांना वेगवेगळा किमान रिचार्ज मारावा लागतो. पोराचं बोलणं स्वस्त झालं, पण ऐकणाऱ्याला दोनशे रुपये पडायला लागले. घर एकच आहे ना?

क्रॉसबार

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त. नाशिकरोडला राहतो. उमेदवारी क्रॉसबार या जुन्या पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून हे नाव. थोडा इतिहास आणि थोडी आतली गोष्ट सांगतो, म्हणजे चर्चा नीट होईल.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी फोन घेणाऱ्यालाही पैसे पडायचे. लोक नंबर बघून फोन कट करायचे आणि बाजूच्या दुकानातून लँडलाइनवरून परत लावायचे. १ मे २००३ पासून 'लावेल तो भरेल' ही पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झालं. ती पद्धत चालवायची तर ज्याच्या नेटवर्कवर कॉल संपतो त्याला काहीतरी मिळायला हवं, म्हणून त्याच दिवसापासून आययूसीची व्यवस्था लागू झाली. इनकमिंग फुकट होणं आणि टर्मिनेशन चार्ज ही जुळी भावंडं आहेत. पेठनाका म्हणतात त्यात तथ्य आहे: एक भावंड गेलं की दुसऱ्याच्या प्रकृतीकडं बघायला हवं होतं.

त्याच्या जोडीला एडीसी नावाचा आणखी एक आकार होता. खेड्यापाड्यातल्या लँडलाइनचा तोटा भरून काढण्यासाठी तो बीएसएनएलला मिळायचा. २००८ मध्ये तो संपला. तेव्हा आमच्या स्टाफ रूममध्ये जे बोललं गेलं ते मला आज या धाग्यात परत ऐकू येतंय. सुरगाण्यात एका खेड्यासाठी खांब टाकत जायचं, आणि त्या खेड्यातून महिन्याला बिल निघणार किती? तरी ती लाइन असल्यामुळे नाशिकचा माणूस तिथं बोलू शकायचा. लाइनचा फायदा दोन्ही टोकांना असतो, बिल मात्र एकाच टोकाला दिसतं.

आता आतली गोष्ट. दोन कंपन्यांची नेटवर्क जिथं जोडली जातात त्या जागेला पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन म्हणतात, आम्ही पीओआय म्हणायचो. तिथं दोन एमबीपीएसच्या वाटा असायच्या, एकीला ई-वन म्हणायचं. एका ई-वनवर एका वेळी तीस जणांचं बोलणं जातं, एकतिसावा अडतो. त्यामुळे समोरच्या कंपनीला किती ई-वन द्यायच्या यावर सगळा खेळ. नियम असा की जोडणीच्या जागी हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडता कामा नयेत. २०१६ मध्ये जिओचे कॉल मोठ्या प्रमाणात अडले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. कंपन्यांनी आरोप नाकारले, तो वाद पुढं बरीच वर्षं चालला.

हे सांगण्याचं कारण, दर शून्य झाला की नियमन संपलं असं लोकांना वाटतं. उलट आहे. दुसऱ्याचा कॉल घेऊन काही मिळणारच नसेल तर त्याच्यासाठी वाटा वाढवायची घाई कोण करेल? पोर्ट, म्हणजे या वाटा, किती दिवसांत द्यायचे, मागणी कशी करायची हे २०१८ च्या इंटरकनेक्शन नियमावलीत लिहून ठेवलंय, ते आता जास्तच लागतं.

आणि हो, महिनाअखेरीचा हिशेब. दोन्ही कंपन्यांची यंत्रं प्रत्येक कॉलची नोंद ठेवतात. माझ्याकडून तुझ्याकडं इतकी मिनिटं, तुझ्याकडून माझ्याकडं तितकी. दोन्ही नोंदी एकमेकींवर ताडायच्या, फरक पडला तर भांडायचं आणि उरलेली निव्वळ रक्कम द्यायची. मारवाडी पेढीवर दोन व्यापाऱ्यांचं खातं जुळवतात अगदी तसंच.

जाईजुई

क्रॉसबार काका, किती छान समजावलंत. 

२०१९ मधला रिंगचा घोळ कुणाला आठवतो का? मला विसरता येत नाही. आई इंदिरानगरला एकटी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालायची. मी शाळेतून मधल्या सुट्टीत फोन लावायचे. पलंगापासून हॉलमधल्या टेबलापर्यंत ती यायची तोवर रिंग बंद. परत लावायचे, परत बंद. एक दिवस मी मुलांसमोर घड्याळ लावून मोजलं, पंचवीस सेकंदसुद्धा भरले नाहीत. आधी वाटलं फोन बिघडला. तुमच्यासारख्याच एका दुकानदारानं सांगितलं, ताई, फोन ठीक आहे, कंपन्यांनीच रिंग कमी केली आहे.

का केली होती हे तेव्हा पेपरात वाचलं आणि सुन्न झाले. रिंग लवकर बंद झाली की मिस्ड कॉल पडतो. मिस्ड कॉल पडला की समोरचा उलट फोन करतो. मग तो कॉल आपल्याकडून गेलेला न ठरता आपल्याकडं आलेला ठरतो, आणि मिनिटाला सहा पैसे द्यायच्याऐवजी मिळतात. एकीनं रिंग कमी केली म्हणून दुसरीनं केली. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायनं ठरवून दिलं: उत्तर मिळालं नाही तर मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजली पाहिजे.

म्हणून मला शून्य दर आवडतो. सहा पैशांसाठी म्हाताऱ्या माणसाला वॉकर घेऊन पळायला लावणारी व्यवस्था नको.

पण पेठनाका दादांच्या आजींचं वाचून तेही पटतंय.

द्राक्षवेल

आलो परत. जाईजुई ताई, मिस्ड कॉल हा आमचा धंदाच होता. व्यापारी मिस्ड कॉल द्यायचा, मी उलट लावायचो, कारण माल माझा आणि गरज माझी. पिंपळगावच्या आवारात गाडी लागली की एक मिस्ड कॉल, पैसे जमा झाले की दोन. एक शब्द न बोलता अर्धा व्यवहार व्हायचा. जिओनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की तिच्या नेटवर्कवर रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात. त्यातले किती द्राक्षाचे आणि कांद्याचे असतील कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन सिमं. कंपनीतल्या कंपनीत बोलणं फुकट किंवा अगदी स्वस्त, दुसऱ्या कंपनीला महाग. आता कळतंय का ते. कंपनीतल्या कंपनीत बाहेर द्यायचं काहीच नव्हतं. आमच्या भाऊबंदकीत बावीस घरं, सगळ्यांनी एकाच कंपनीचं सिम घेतलं होतं. पाव्हणे दुसऱ्या कंपनीचे, म्हणून दुसरं सिम पाव्हण्यांसाठी. सोयरीक ठरताना मुलीकडच्यांचं सिम कुठलं, हेसुद्धा विचारलं जायचं.

ऑक्टोबर २०१९ ची पंचाईत तर आणखीच. जिओवरून दुसऱ्या कंपनीला फोन लावायचा तर मिनिटाला सहा पैशांचं वेगळं टॉपअप. बरं, नंबर बघून कंपनी कळावी तर निम्म्यांनी पोर्ट मारलेलं. व्यापाऱ्याचा नंबर जुना, कंपनी नवी. कुठल्या कॉलला पैसे लागले ते कॉल झाल्यावर कळायचं.

पेठनाका

त्या टॉपअपचा आकडा अजून पाठ आहे. १० रुपयांत १२४ मिनिटं. लोक विचारायचे, १२४ च का? दहाच्या टॉपअपमध्ये टॅक्स आणि प्रोसेसिंग फी जाऊन ७ रुपये ४७ पैसे हातात येतात. त्याला सहा पैशांनी भागा. १२४ मिनिटं, वर थोडे पैसे. मी काउंटरवर कागदावर भागाकार करून दाखवायचो तेव्हा कुठं विश्वास बसायचा.

खडूफळा

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून एक मूळ मुद्दा मांडतो. सिडकोकर आणि पेठनाका दोघंही ट्रायनं दर ठरवला हे गृहीत धरून बोलत आहेत. पण बाकी सगळं बाजारावर सोडलेलं असताना हाच दर सरकारी संस्थेनं का ठरवायचा?

जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. आत दहा बिऱ्हाडं, पण दिंडी दरवाजा एकच. आतल्या कुणालाही भेटायचं तर त्याच दारानं जायला हवं. दारावरच्या माणसानं पाहुण्याकडून पाच रुपये मागितले तर पाहुणा दुसऱ्या वाड्यात जाऊन त्याच नातेवाइकाला भेटू शकत नाही. मोबाइल कंपनी कितीही छोटी असो, तिच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं दार तिच्याच हातात असतं. आणि पैसे पाहुणा देतो. बिऱ्हाडकरूला ते दिसतच नाहीत, त्यामुळे तो वाडा बदलायचा विचारही करत नाही. देशात दहा कंपन्या असल्या तरी या एका बाबतीत प्रत्येक कंपनी मक्तेदार. स्पर्धेनं हा दर खाली येत नाही, म्हणून बाहेरच्या कुणीतरी तो बांधावा लागतो.

यात विसंगती एकच. पाहुण्याचं भाडं ट्राय ठरवतं, पण बिऱ्हाडकरूचं भाडं, म्हणजे आपला रिचार्ज, कंपन्यांवर सोपवलेलं आहे. पाहुण्याचं भाडं शून्य केलं की दरवाजा राखण्याचा खर्च बिऱ्हाडकरूवर येणार हे उघड होतं. तो येण्यात गैर काही नाही. मात्र सगळ्यात गरीब बिऱ्हाडकरूवर किती यावा, याचा विचार त्याच कागदावर व्हायला हवा होता. पेठनाका यांचं दुखणं मला हे दिसतं.

म्युनिकचा नाशिककर

शरणपूर रोडवर वाढलो, आता जर्मनीत. इकडची माहिती देतो. युरोपियन युनियननं मोबाइल टर्मिनेशनला सगळ्या सदस्य देशांसाठी एकच कमाल दर ठरवला, तो टप्प्याटप्प्यानं उतरवत २०२४ ला मिनिटाला ०.२ युरोसेंटवर आणला. म्हणजे शून्य केलाच नाही, पण जवळजवळ शून्य. अमेरिकेनं २०११ मध्येच 'ज्याचं त्यानं ठेवावं', म्हणजे कंपन्यांनी एकमेकींना काही द्यायचं नाही, या पद्धतीकडं जायचं ठरवलं. तेव्हा भारतानं काही जगावेगळं केलं नाही.

पण एक दर भारतात अजून शिल्लक आहे, त्याचा अनुभव मला दर रविवारी येतो. परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलवर टर्मिनेशन चार्ज आहेच. २०१५ मध्ये तो ५३ पैसे होता, २०१८ मध्ये ३० केला, आणि मे २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान कंपन्यांनी ठरवावा असं झालं. देशातल्या कॉलला शून्य आणि बाहेरच्याला ६५ पैशांपर्यंत. या फटीत सिमबॉक्सवाले शिरतात. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणायचा, भारतात एका पेटीत शेकडो सिमं लावून तो स्थानिक कॉल म्हणून सोडायचा. मी स्वस्तातलं कार्ड वापरून फोन केला की आईच्या फोनवर कुठलातरी अनोळखी भारतीय नंबर उमटायचा. ती उचलायचीच नाही, कारण अनोळखी नंबर उचलू नको असं मीच तिला बजावलेलं. आता ते कार्ड बंद केलं.

सिडकोकर

खडूफळा सर, वाड्याचं उदाहरण पटलं. पेठनाका, तुमची मागणी नक्की काय आहे? सहा पैसे परत आणायचे? तर मी ठाम विरोधात. जाईजुई ताईंनी सांगितलेला रिंगचा प्रकार परत सुरू होईल, आणि अनलिमिटेडवर पाणी सोडावं लागेल.

पेठनाका

नाही, परत नको. दर गेला तो गेला. दोन नेटवर्कमधल्या भिंती पडल्या हे चांगलंच झालं, माझ्या काउंटरवरची निम्मी भांडणं त्यामुळे संपली.

माझी मागणी एवढीच. प्रत्येक कंपनीकडं फक्त येणारे कॉल आणि एसएमएस चालू ठेवणारा एक छोटा रिचार्ज असावा, आणि तो असलाच पाहिजे असं ट्रायनं सांगावं. एसएमएस यासाठी की गॅसचा, बँकेचा, रेशनचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त कॉल-एसएमएसचा, डेटा नसलेला प्लॅन द्यायला लावलाच की. म्हणजे रिचार्जच्या आखणीत ट्राय हात घालूच शकत नाही असं नाही. ते प्लॅन आले, पण एकदम ८४ दिवसांचे किंवा वर्षभराचे पैसे मोजायचे. डेटा न वापरणाऱ्या पेन्शनर काकांना ते सोयीचे आहेत, माझ्याकडून घेतातही. आजींच्या पदराच्या गाठीत त्या दिवशी सत्तर रुपये होते, त्यातच परतीचं गाडीभाडं.

सिडकोकर

तत्त्वतः हरकत नाही. पण कंपनीच्या बाजूनं एक अडचण आहे. असा स्वस्त रिचार्ज आला की प्रत्येक जण दुसरं सिम त्याच्यावर टाकून ठेवेल. मी स्वतःच टाकेन! मग गरिबासाठीची सोय माझ्यासारखे वापरणार, आणि सिमबॉक्सवाल्यांना तर पर्वणीच.

क्रॉसबार

आउटगोइंग नसलेलं सिम सिमबॉक्समध्ये निरुपयोगी आहे, ती भीती काढून टाका. दुसऱ्या सिमचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून एका आधारवर एकच असा नंबर, असं काही करता येईल. जुना नियमही विसरू नका. ९० दिवस सिम अजिबात वापरलं नाही तरच नंबर काढून घेता येतो, आणि तेव्हाही खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून द्यावे लागतात. २०१३ पासूनचा आहे. आलेला कॉलही वापर म्हणून धरला जातो. पण इनकमिंगच बंद केलं तर आलेला कॉल वापर म्हणून नोंदवला जाणार कसा? मला या नियमातली सगळ्यात मोठी खोच ही वाटते. नंबर वाचवायची तरतूद आहे, नंबर जिवंत ठेवायची नाही.

पेठनाका

काका, हे लिहून ठेवलं. ट्राय सल्लामसलतीचे कागद काढतं तेव्हा कुणीही लेखी म्हणणं पाठवू शकतो. मी इंटरकनेक्शनचा पुढचा कागद निघायची वाट बघत नाही, आधीच एक पत्र पाठवतोय. पहिल्या दोन ओळी अशा:

"टर्मिनेशन चार्ज शून्य झाल्यामुळे, ज्यांना मुख्यतः फोन येतात त्या ग्राहकांपासून कंपनीला मिळणारं उत्पन्न संपलं. हे ग्राहक बहुतांशी वृद्ध, मजुरांची कुटुंबं आणि आदिवासी भागातील रहिवासी आहेत, हे मी दुकानात रोज पाहतो."

बघा, काही चुकतंय का?

खडूफळा

'उत्पन्न संपलं' नको. 'दुसऱ्या कंपन्यांकडून मिळणारं उत्पन्न संपलं' असं लिहा. नाहीतर ते म्हणतील, रिचार्जचं उत्पन्न आहे की.

क्रॉसबार

आणि 'रोज पाहतो' च्या पुढं आकडा द्या. एक महिना वही ठेवा. बॅलन्स शिल्लक असूनही इनकमिंग बंद झालेली किती माणसं आली, कुठल्या तालुक्यातली, खात्यात किती रुपये होते. नावं-नंबर लिहू नका. बाकी सगळं लिहा.

द्राक्षवेल

काढणीच्या हंगामात आमच्याकडच्या टोळ्यांचीही नोंद देतो. मुकादमाशी बोललो आत्ताच, तो तयार आहे.

जाईजुई

दादा, त्या आजींचा मुलगा सापडला का?

पेठनाका

सापडला ताई. बॅटरीवरच्या चिठ्ठीवर त्याचा नंबर होताच. माझ्या फोनवरून लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. सातपूरहून अर्ध्या तासात आला, अंगावर सिमेंट तसंच. आजींचा रिचार्ज त्यानंच भरला, २८ दिवसांचा.

वही आजपासून सुरू केली आहे. पहिल्या पानावर दोन नोंदी झाल्या. एक हरसूलकडची, खात्यात सात रुपये. एक इथलीच, फुलेनगरची, खात्यात एकतीस.